पाठदुखी : आकलन, उपचार आणि देणगीचा विनियोग

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्चाचा गोषवारा सादर करतो, वर्षभरात घेतलेल्या यंत्रसामग्रीचा उल्लेख करतो आणि आपल्या औदार्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करतो. जमाखर्चाची पत्रके याही वर्षी लेखापरीक्षकांच्या दाखल्यासह या अहवालात छापली आहेत. ती आपण सवडीने अवश्य पाहावीत. आज मात्र विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने आम्ही एकाच दुखण्याविषयी बोलणार आहोत. ते दुखणे म्हणजे पाठदुखी, अधिक नेमकेपणाने सांगावयाचे तर कंबरदुखी.

निमित्त असे घडले की, रुग्णालयाच्या एका जुन्या हितचिंतक कुटुंबाने आपल्या कैलासवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ एमआरआय यंत्राच्या खरेदीसाठी भरीव रक्कम देण्याची तयारी दर्शविली आहे. मातोश्रींची अखेरची काही वर्षे कंबरदुखीत गेली आणि तपासणीसाठी त्यांना प्रत्येक वेळी मोटारीत आडवे निजवून जिल्ह्याच्या गावी न्यावे लागे. आपल्या आईला जो त्रास झाला तो दुसऱ्याच्या आईला होऊ नये, ही या देणगीमागील भावना आहे. इतक्या निर्मळ हेतूने पुढे आलेली रक्कम आभाराचे पत्र पाठवून स्वीकारणे सोपे होते. परंतु त्या कुटुंबानेच आम्हांस विचारले की, पाठीच्या रुग्णांना याहून अधिक उपयोगी पडेल असे काही आहे काय? या प्रश्नाचे उत्तर सर्वांसमक्ष द्यावे, असे विश्वस्त मंडळाने ठरविले. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे पुढील वैद्यकीय विवेचन आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी व भौतिकोपचार विभागाने, म्हणजे ज्याला आपण सारे फिजिओथेरपी म्हणतो त्या विभागाने, तपासून दिलेले आहे. हिशेबाचा भाग सर्वस्वी आमचा आहे.

सोमवारी सकाळी बाह्यरुग्ण विभागाच्या बाकांवर नजर टाकली तर तेथे ऊसतोडीच्या मोळ्या वाहणारी बाई असते, खड्ड्यांच्या रस्त्यावर एस.टी. चालविणारे चालक असतात, शिलाई यंत्रावर दिवसभर वाकून बसणाऱ्या भगिनी असतात, बाजार समितीतील हमाल, पतपेढीतील लेखनिक आणि निवृत्त गुरुजीही असतात. कामे निरनिराळी, हात मात्र सर्वांचा कंबरेवर. जगाचे चित्र याहून वेगळे नाही. सन २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि सन २०५० पर्यंत हा आकडा सुमारे ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. माणूस जिवंत असतो, परंतु नीट काम करू शकत नाही, अशी वर्षे मोजली तर सर्व व्याधींमध्ये कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. या दुखण्याने सहसा कोणी दगावत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी निधीही गोळा करीत नाही.

आपल्या पाठीच्या कण्यात ३३ मणके असतात. त्यांपैकी मानेचे ७, पाठीचे १२ आणि कंबरेचे ५ असे २४ मणके सुटे व हालते असतात. उरलेले खाली एकमेकांस जुळून माकडहाडापर्यंत गेलेले असतात. हालत्या मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात, त्यांस आपण गादी म्हणतो. अशा २३ चकत्या आहेत. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचे पोषण शेजारच्या हाडातून झिरपून येते आणि हालचालीमुळे या झिरपण्यास साहाय्य होते. या साऱ्या रचनेस सांधे, बंध आणि स्नायूंचे अनेक थर आवळून धरतात. यांपैकी नेमका कोणता भाग दुखतो आहे, हे बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत कोणत्याही तपासणीने बोट ठेवून सांगता येत नाही. डॉक्टर सांगत नाहीत म्हणजे त्यांना समजले नाही, असा नातेवाइकांचा ग्रह होतो. वस्तुतः हेच प्रामाणिक उत्तर असते. यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की, नेमका भाग सांगता न आला तरी अशी नुकतीच सुरू झालेली कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत पुष्कळशी ओसरते.

या ठिकाणी आम्हांस दोन शब्दांविषयी बोलले पाहिजे, कारण औषधाने होणार नाही इतका परिणाम या दोन शब्दांनी होतो. पहिला शब्द ‘गॅप’. “माझ्या मणक्यात गॅप आहे” हे वाक्य आमच्या नोंदणी खिडकीवर रोज ऐकू येते. ऐकणाऱ्यास वाटते की, दोन मणके एकमेकांपासून सुटून मध्ये पोकळी पडली आहे आणि वाकलो तर पाठ मोडेल. प्रत्यक्षात क्ष-किरण चित्रात दिसते ते याच्या नेमके उलट असते. चकतीतील पाणी वयोमानाने कमी होऊन तिची उंची घटते आणि मणक्यांमधील अंतर वाढण्याऐवजी थोडे कमी होते. दुसरा शब्द ‘गादी सरकली’. चकती वरच्या व खालच्या मणक्यास घट्ट चिकटलेली असते. ती दुकानातील पाटासारखी घसरत नाही. तिच्या कडेचे आवरण फुगते, कधी चिरते आणि आतील मऊ भाग बाहेर डोकावतो, एवढेच. बाहेर आलेला हा भाग पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. परंतु ‘गादी सरकली’ हे शब्द कानी पडलेला शेतकरी पुढे कित्येक वर्षे पाण्याची घागर उचलीत नाही, नातवास कडेवर घेत नाही. दुखणे थांबते, भीती थांबत नाही, आणि न वापरलेली पाठ अधिक दुबळी होत जाते.

हे शब्द आले ते चित्रांतून. सन १८९५ मध्ये रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाचे हाड प्रथमच डोळ्यांस दिसले. सन १९३४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोन शल्यविशारदांनी, पायात उतरणारी कळ फुगलेल्या चकतीमुळे मज्जातंतूवर दाब आल्याने येऊ शकते, हे दाखवून दिले. हे फार मोलाचे कार्य होते. पुढे एमआरआय आले. त्याच्या मूळ संशोधनास सन २००३ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. चकती, मज्जातंतू, मज्जारज्जू, सारे काही न कापता दिसू लागले. मग साहजिकच असा समज रूढ झाला की, चित्रात जे बिघडलेले दिसते तेच दुखत असणार.

या समजाची परीक्षा एका साध्या उपायाने झाली. ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती, अशा लोकांची चित्रे काढून पाहण्यात आली. जगभरातील असे ३३ अभ्यास, मिळून ३,११० निरोगी माणसे, यांचा एकत्रित आढावा सन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, काहीही दुखत नसलेल्या विशीतील माणसांपैकी ३७ टक्के जणांच्या चकत्या झिजलेल्या दिसत होत्या. पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के होते आणि ऐंशीत ९६ टक्के. फुगलेली चकती विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांत दिसली. पुन्हा सांगतो, या कोणाचीही पाठ दुखत नव्हती. या सभागृहात पन्नाशी ओलांडलेले आपण जे बसलो आहोत, त्यांपैकी बहुतेकांच्या पाठीचे चित्र आज काढले तर अहवालात ‘झीज’ हा शब्द येईल. डोक्यावरचे पांढरे केस हा जसा आजार नव्हे, तशीच यातली पुष्कळशी झीजही आजार नव्हे. पांढऱ्या केसांचा अहवाल मात्र कोणी छापील कागदावर स्वाक्षरीनिशी देत नाही, म्हणून त्याची धास्ती वाटत नाही.

उपचारांकडे वळू. आपल्याकडे चमक भरली, उसण भरली की पायाळू माणसाचा शोध घेत. पायाळू, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो. त्याने पाठीस पाय लावला की चमक जाते, अशी श्रद्धा. आम्ही तिची थट्टा करीत नाही. चमक दोन-चार दिवसांत आपोआप जाणारच असते, त्या काळात कोणी आपुलकीने पाठीस स्पर्श करतो, आणि रुग्ण अंथरुणास न खिळता पायाळूच्या घरापर्यंत चालत जातो. अनेक महागड्या उपचारांचे यश याहून फार वेगळ्या कारणांनी मिळते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

सुशिक्षितांचा पायाळू म्हणजे सक्तीची विश्रांती. फळीवर निजा, तीन आठवडे उठू नका, हा सल्ला आपल्या पिढीने ऐकलेला आहे. सन १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे त्याची तपासणी झाली. तेथील नगरपालिकेच्या, नुकतीच कंबर धरलेल्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एका गटास दोन दिवस अंथरुणावर राहावयास सांगितले, दुसऱ्यास पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्यास झेपेल तितपत नेहमीचे काम चालू ठेवा एवढेच सांगितले. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला आणि विश्रांतीचा गट सर्वांत उशिरा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रुग्णास दुखण्याची नीट समज देणे, व्यायाम, मनाच्या अंगाने केलेले साहाय्य, काही हस्तोपचार आणि गरजेप्रमाणे सूजनाशक वेदनाशामके यांचा त्यांत पुरस्कार आहे. कंबरेचे पट्टे, वजने लावून ताण देणे, म्हणजेच ट्रॅक्शन, आणि अफूवर्गीय औषधे यांची नेहमीसाठी शिफारस करू नये, असेही त्यांत म्हटले आहे. आमच्या जुन्या इमारतीतील ट्रॅक्शनची खाट आता अन्य रुग्णांसाठी वापरली जाते. तिच्यावरील देणगीदारांच्या नावाची पितळी पट्टी आम्ही आदरपूर्वक तशीच ठेवली आहे. वजने तेवढी काढली आहेत.

ज्या रुग्णास कंबरेपेक्षा पायात अधिक कळ जाते, टाचेपर्यंत वीज गेल्यासारखे होते, त्याची कथा किंचित निराळी आहे. आयुर्वेदात यास गृध्रसी म्हटले आहे. गृध्र म्हणजे गिधाड, आणि रुग्णाच्या अवघडलेल्या चालीवरून हे नाव पडले असे सांगतात. यात मज्जातंतूवर खरोखरच दाब व दाह असतो आणि वेदना अतिशय तीव्र असते. शस्त्रक्रिया करावी की थांबावे, हा प्रश्न येथे येतो. नेदरलँड्समध्ये अशा २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास सन २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींची लवकर शस्त्रक्रिया केली. इतरांना औषधे व धीर देऊन थांबविले आणि अगदीच असह्य झाले तर शस्त्रक्रिया केली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली, यात संशय नाही. परंतु वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सारख्याच, म्हणजे सुमारे ९५ टक्के रुग्णांनी आपण बरे झाल्याचे सांगितले, आणि थांबलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के जणांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागलीच नाही. याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट, असा नव्हे. ज्याचे घर रोजच्या मजुरीवर चालते त्यास दोन महिने आधी बरे होणे मोलाचे वाटू शकते. निर्णय रुग्णाचा असावा आणि तो भीतीपोटी घेतलेला नसावा, इतकेच आमचे डॉक्टर म्हणतात.

आता ज्या रुग्णांच्या बाबतीत थांबणे घातक ठरते, त्यांविषयी. हा भाग नातेवाइकांनी विशेष लक्ष देऊन ऐकावा अशी विनंती आहे. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा लघवी-शौचावरील ताबा गेला, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता आली, पायातील शक्ती दिवसेंदिवस कमी होऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात आणावे. बारीक ताप, घटणारे वजन, रात्री झोपेतून उठविणारी आणि कुशीवर वळूनही न थांबणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, वृद्ध स्त्रीचे साधे घसरून पडणे, यांपैकी काही असेल तर कंबरदुखी साधी समजू नये.

यात आपल्या देशात सर्वांत आधी आठवावा असा आजार म्हणजे मणक्याचा क्षय. क्षय म्हटले की आपल्याला खोकला आठवतो. परंतु हाडांना होणाऱ्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा मणक्यांना होतो, आणि त्या रुग्णास खोकला असेलच असे नाही. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी सन १७७९ मध्ये पाठीला आलेले कुबड आणि पायांतील लुळेपणा यांचा संबंध वर्णन केला. क्षयाचा जंतू त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी शोधला. या आजाराच्या उपचारास भारताने दिलेली देणगी फारशी सांगितली जात नाही. बनारस हिंदू विद्यापीठातील अस्थिशल्यविशारद डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये आपली ‘मध्यममार्ग’ पद्धती प्रसिद्ध केली. सरसकट सर्वांवर मोठी शस्त्रक्रिया न करता सर्वांना क्षयाची औषधे नियमित द्यावीत, आणि जे त्यांस दाद देत नाहीत किंवा ज्यांच्या मज्जारज्जूवर संकट आहे, अशांवरच शस्त्रक्रिया करावी, हे तिचे सूत्र. साधने तुटपुंजी असलेल्या देशातून आलेला हा विचार पुढे अन्यत्रही मान्य झाला.

मणक्याच्या क्षयाचे औषध साधारण वर्षभर घ्यावे लागते. औषधे शासनाच्या क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. रुग्ण अडतो तो इतरत्र. आधीचे कित्येक महिने गोळ्या, मलम आणि पट्टा यांत गेलेले असतात. पाय जड पडू लागल्यावर तो आमच्याकडे येतो. त्यास एमआरआय लागतो, आणि तो तातडीने लागतो, याविषयी कोणाचेही दुमत नाही. मग मणक्यातील नमुना काढून प्रयोगशाळेस पाठवावा लागतो, कारण जंतू औषधास दाद देणारा आहे की नाही हे ठरवावयाचे असते. यानंतर वर्षभर दर महिन्याची खेप, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचीही बुडालेली मजुरी. तीन-चार महिन्यांत दुखणे थांबते आणि नेमके तेव्हाच औषध सोडण्याचा मोह होतो.

आणखी एक गोष्ट या सभेत स्त्रियांसमक्ष बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. स्त्रीने कंबर दुखते म्हटले की तिचे गर्भाशय दोषी ठरविण्याची एक वाईट सवय आपल्या समाजात आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न सन २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनास चौकशी समिती नेमावी लागली. त्यामागे मजुरीची, उचलीची आणि दुर्लक्षाची अनेक कारणे होती. परंतु मोळ्या वाहून दुखणारी कंबर पिशवी काढून बरी होत नाही, हे सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. आणि ती पाच मिनिटे देणारे कोणी त्या बाईला वेळेवर भेटले पाहिजे.

आता हिशेब. एमआरआय यंत्राची किंमत कोट्यवधी रुपयांची असते. ती देणगीतून उभी राहील, हे आम्ही धरून चालतो. पण यंत्राचा चुंबक अतिशीत ठेवावा लागतो, म्हणून यंत्र बंद असतानाही त्याची शीतकरण व्यवस्था दिवसरात्र चालते. वीज, देखभालीचा वार्षिक करार, दोन पाळ्यांचे तंत्रज्ञ, चित्र वाचणारे क्ष-किरणतज्ज्ञ, हा स्थिर खर्च आहे. रुग्ण एक आला काय किंवा वीस आले काय, तो बदलत नाही. वाणिज्य शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ठाऊक असते की, स्थिर खर्च भागवावयाचा तर संख्या वाढवावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी ही संख्या मेंदूच्या व गुडघ्याच्या रुग्णांतून पुरी होत नाही. ती कंबरदुखीतूनच पुरी करावी लागते. यंत्र बसले की यंत्राला रुग्ण लागतात. आमचे डॉक्टर सचोटीचे आहेत. तरीही दरमहा प्रशासकाने त्यांच्यापुढे यंत्राच्या तुटीचा कागद ठेवावा आणि त्यांनी मात्र निर्विकारपणे रुग्ण तपासावेत, अशी अपेक्षा करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. ज्या शंभर जणांना चित्राची गरज नाही त्यांच्या शुल्कातून ते यंत्र चालेल आणि त्यांतील बहुतेकांच्या हाती ‘झीज’ हा शब्द लिहिलेला कागद जाईल.

उलट बाजूस काय आहे? आमच्याकडे आज एकच भौतिकोपचारतज्ज्ञ आहेत. नव्या रुग्णाची विचारपूस, त्याचे काम कोणते, तो कसा वाकतो, घरी पाणी किती लांबून आणतो, त्याला कशाची भीती वाटते हे जाणून घेणे, आणि मग त्यास जमतील असे व्यायाम करवून घेणे, यास अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ आज मिळत नाही, म्हणून रुग्णास यंत्राचा शेक देऊन आणि व्यायामाच्या आकृत्यांचा कागद देऊन पाठवावे लागते. या विद्येची परंपरा आपल्याच राज्यात जुनी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५३ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तिचे शिक्षण सुरू झाले. माणसे उपलब्ध आहेत. अडचण पगाराची आहे, आणि पगारासाठी देणगी मिळत नाही. यंत्रावर नावाची पट्टी लावता येते. भौतिकोपचारतज्ज्ञाच्या पांढऱ्या अंगरख्यावर ती लावता येत नाही.

धर्मादाय रुग्णालय म्हणून आमच्यावर असलेली योजना आपणास परिचित आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. ही व्यवस्था चांगली आहे व आम्ही ती पाळतो. परंतु तिचा विचार मुख्यतः खाटांच्या हिशेबाने झालेला आहे, आणि कंबरदुखीचा रुग्ण तर खाटेवर न निजता बरा व्हावयाचा असतो.

म्हणून त्या कुटुंबास आम्ही नम्रपणे असे सुचविले आहे की, ही रक्कम कायम निधी म्हणून ठेवावी व केवळ तिचे व्याज खर्च करावे. व्याजातून पहिल्याने आणखी दोन भौतिकोपचारतज्ज्ञांचे वेतन द्यावे; त्यांपैकी एक भगिनी असाव्यात, कारण आमच्या भागातील स्त्रिया पुरुषासमोर वाकून दाखविण्यास संकोचतात आणि मग काहीच सांगत नाहीत. उरलेल्या व्याजातून मणक्याच्या क्षयाच्या रुग्णांचा प्रवास आणि नमुना-तपासणीचा खर्च भागवावा. ज्यांना एमआरआय खरोखर लागतो त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या गावातील केंद्राशी ठरावीक दराचा करार करावा, रुग्णवाहिका आमची द्यावी आणि गरजूंचे शुल्क याच निधीतून भरावे. मातोश्रींना ज्या प्रवासाचा त्रास झाला तो प्रवास यामुळे सर्वस्वी टळणार नाही, हे आम्ही लपवीत नाही. ज्यांना तो करण्याची आवश्यकता नाही अशांचा मात्र नक्की टळेल, आणि ज्यांना आवश्यक आहे त्यांचा पैशावाचून अडणार नाही.

काही विश्वस्तांचे मत याहून भिन्न आहे. शेजारच्या तालुक्यात यंत्र आले तर आपले रुग्ण तिकडे जातील, अशी त्यांची रास्त चिंता आहे. रुग्णांचा विश्वास पुष्कळदा यंत्र पाहून बसतो, हेही खरे आहे. या मताची नोंद इतिवृत्तात घेतली आहे, आणि अंतिम निर्णय येत्या बैठकीत मंडळ घेईल.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी दोन शब्द. चित्रात काही निघाले नाही म्हणजे घरातले माणूस सोंग करीत आहे, असे समजू नये. चित्रात न दिसणारी वेदनाही खरीच असते. कर्ज, सुनेचे बाळंतपण, जाणारी नोकरी, अपुरी झोप, या साऱ्यांनी ती वाढते. म्हणून ती खोटी ठरत नाही. “तू काही करू नकोस, पडून राहा” असे मायेने म्हणण्याऐवजी त्यांच्यासोबत देवळापर्यंत चालत जावे. आज पारापर्यंत, पुढील आठवड्यात देवळापर्यंत. चालताना थोडे दुखले तर काही बिघडले असे नव्हे.

भौतिकोपचार विभाग जुन्या इमारतीत तळमजल्यावर, औषध दुकानाच्या मागे आहे. कंबरदुखीच्या नव्या रुग्णांसाठी मंगळवार व शुक्रवार हे दिवस राखून ठेवले आहेत. येताना जुनी चित्रे आणली तरी चालतील, नवी काढून आणू नयेत. देणगीपत्राचा नमुना या अहवालाच्या शेवटी जोडला आहे. त्यात ‘प्रयोजन’ असा एक रकाना आहे. बहुतेक देणगीदार तो कोरा सोडतात, किंवा त्यात ‘यंत्रसामग्री’ असे लिहितात. ‘यंत्रसामग्री’ लिहिले की नियमानुसार ती रक्कम आम्हांस वेतनासाठी वापरता येत नाही. ज्यांना इच्छा असेल त्यांनी यंदा त्या रकान्यात ‘पाठीच्या रुग्णांची शुश्रूषा, वेतनासह’ एवढे शब्द लिहावेत, अशी आमची विनंती आहे.